वाचकाची हरकत : सत्यजित राय यांची माध्यमांतरे आणि मूलनिष्ठेचा प्रश्न

प्रास्ताविक

एखाद्या लोकप्रिय साहित्यकृतीवर चित्रपट निघाला की ‘पुस्तकाची सर त्याला नाही’ हा अभिप्राय जवळजवळ ठरलेला असतो. पुस्तकावर जीव असलेला वाचक चित्रपटगृहात जातो तो कथा पाहण्यासाठी नव्हे. ती त्याला पाठच असते. आपल्या मनात वर्षानुवर्षे जपलेल्या व्यक्ती आणि वास्तू पडद्यावर जशाच्या तशा भेटतात की नाही, याची तपासणी करण्यासाठी तो जातो. या तपासणीत चित्रपट सहसा नापास होतो.

समीक्षाशास्त्राने या वाचकाची फारशी कदर केलेली नाही. कादंबरी शब्दांत घडते, चित्रपट दृश्यांत घडतो. तेव्हा एकाचे माप दुसऱ्याला लावणे गैर, अशी भूमिका जॉर्ज ब्लूस्टोन यांनी 1957 साली कादंबरी आणि चित्रपट यांच्या संबंधांवरील ग्रंथात मांडली. लिंडा हचन यांच्या 2006 सालच्या माध्यमांतरविषयक ग्रंथातही मूलनिष्ठेची कसोटी बाजूला सारलेली आहे. सैद्धांतिक दृष्ट्या ही भूमिका योग्यच आहे. तथापि तिच्यामुळे वाचकाची हरकत ही केवळ भाबडेपणाची खूण ठरते आणि अभ्यासाच्या कक्षेबाहेर जाते.

प्रस्तुत निबंधाची भूमिका याहून वेगळी आहे. वाचकाची हरकत ही कलाकृतीचे मूल्यमापन म्हणून कदाचित अपुरी असेल, परंतु ऐतिहासिक साधन म्हणून ती मोलाची आहे. एखाद्या समाजाने एखाद्या पुस्तकातील काय आपले मानले, काय विसरून टाकले आणि काय पाहण्याचे टाळले, हे त्या हरकतीतून कळते. या विधानाच्या पुष्ट्यर्थ सत्यजित राय (1921–1992) यांच्या चार चित्रपटांचा विचार येथे केला आहे. राय यांचे बहुतेक चित्रपट साहित्यकृतींवर आधारलेले आहेत आणि त्यांपैकी काहींवरून झालेले वाद छापील स्वरूपात उपलब्ध आहेत. प्रस्तुत लेखक या पुस्तकांचा चाहता आहे, आणि त्या नात्यानेही काही हरकती येथे नोंदवणार आहे.

‘पथेर पांचाली’ : आठवणीतील कादंबरी

बिभूतिभूषण बंद्योपाध्याय यांची ‘पथेर पांचाली’ ही कादंबरी 1929 साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. तिच्या ‘आम आँटिर भेंपू’ (आंब्याच्या कोयीची पिपाणी) या मुलांसाठीच्या संक्षिप्त आवृत्तीची चित्रे 1940च्या दशकाच्या मध्यास राय यांनी काढली होती. म्हणजे या पुस्तकाशी त्यांचा व्यावसायिक संबंध प्रथम चित्रकार म्हणून आला. संक्षेप करताना काय ठेवायचे आणि काय गाळायचे, या प्रश्नाचे एक उत्तर त्या आवृत्तीने त्यांच्यापुढे आधीच ठेवले होते.

1955 साली प्रदर्शित झालेल्या चित्रपटातील बदल लहान नाहीत. कादंबरीत वृद्ध इंदिर ठाकरुण पहिल्याच भागात मरण पावते. त्या वेळी अपू तान्हा आहे. चित्रपटात ती अपू व दुर्गा यांच्या बालपणात बराच काळ वावरते आणि आगगाडी पाहून परतणाऱ्या या भावंडांनाच बांबूच्या बनात तिचा मृत्यू कळतो. कादंबरीतील भावंडे रेल्वेचा रस्ता शोधायला जातात, पण त्यांना आगगाडी दिसत नाही. दुर्गा ती इच्छा मनात घेऊनच जाते. चित्रपटात मात्र दोघे काशगवताच्या पांढऱ्या तुऱ्यांतून धावतात आणि धूर सोडीत गाडी समोरून निघून जाते. कादंबरीचा तिसरा भाग काशीत घडतो. चित्रपट मात्र कुटुंबाने बैलगाडीतून गाव सोडण्यापाशी थांबतो.

दुर्गेला आगगाडी न दिसणे हा कादंबरीच्या चाहत्यासाठी गौण तपशील नाही. तिच्या साऱ्या आयुष्याची अपुरी राहिलेली बाजू त्या एका न घडलेल्या प्रसंगात साठलेली आहे. काशफुलांचा प्रसंग कितीही मनोहर असला, तरी त्याने ती बाजू पुसून टाकली, ही हरकत रास्त आहे.

इंदिर ठाकरुणच्या बाबतीतील हरकत इतिहासाच्या अभ्यासकाला अधिक जवळची वाटेल. कादंबरीतील ही वृद्धा कुलीन बहुविवाहप्रथेची बळी आहे. पहिल्या भागाचे ‘बल्लाली बालाई’ हे नावच बल्लाळसेनाशी जोडल्या जाणाऱ्या कुलीनप्रथेकडे निर्देश करते. तिच्या मृत्यूबरोबर निश्चिंदिपूर गावातील एक जुना काळ संपला, असे कादंबरीकार सुचवतो. चित्रपटात ही पार्श्वभूमी येत नाही. इंदिर तेथे कोणत्याही काळातील, कोणत्याही घरातील नकोशी झालेली म्हातारी होते. जगभरच्या प्रेक्षकाला ती आपली वाटली, ती कदाचित याचमुळे. परंतु बंगालच्या सामाजिक इतिहासाचा एक दुवा त्यात निखळला, हेही खरे.

याउलट एका प्रसंगात चित्रपट पुस्तकापुढे जातो, हे चाहत्यानेही मान्य करावे. दुर्गेच्या मृत्यूनंतर तिने चोरलेली वस्तू अपूच्या हाती लागते. कादंबरीत ती कुंकवाची सोन्याची डबी आहे आणि अपू ती बांबूच्या बनात भिरकावतो. चित्रपटात ती माळ आहे आणि तो ती तळ्यात टाकतो. पाण्यावरील शेवाळाचा थर क्षणभर दुभंगतो व पुन्हा मिटतो. बहिणीचे गुपित भावाने कायमचे झाकले, हे सांगण्यासाठी एकही शब्द लागत नाही. वस्तू बदलली, जागा बदलली, पण प्रसंगाचा गाभा अधिक खोल गेला.

या चित्रपटाच्या इतिहासातील एक घटना वाचकाच्या निष्ठेकडे पाहण्याची दृष्टीच बदलून टाकते. पैशाअभावी रखडलेला हा चित्रपट पश्चिम बंगाल सरकारच्या अर्थसाहाय्याने पूर्ण झाला. त्या वेळी डॉ. बिधानचंद्र राय मुख्यमंत्री होते. चित्रपटाचा शेवट फार निराशाजनक आहे, तो ग्रामसुधारणेला पोषक व आशादायी करावा, अशी सूचना सरकारी बाजूने पुढे आली होती, हे राय यांच्या चरित्रलेखनातून नमूद झाले आहे. ती मागे पडण्याचे एक कारण असे, की कादंबरी सर्वांच्या परिचयाची होती. तिचा शेवट बदललेला वाचकांना आणि दिवंगत लेखकाच्या पत्नीला मान्य झाला नसता. येथे वाचकाची संभाव्य हरकत दिग्दर्शकाच्या आड आली नाही, ती त्याची ढाल झाली. पुढे 1956 साली कान येथे ज्या चित्रपटाला मानवी दस्तऐवज म्हणून गौरवण्यात आले, त्याचा शेवट शाबूत राहण्यात अनाम वाचकांच्या प्रेमाचा वाटा आहे. मूलनिष्ठेच्या आग्रहाला सर्जनाचा शत्रू मानणाऱ्या सिद्धांतात या घटनेला जागा नाही.

‘अपराजितो’ : मूलनिष्ठेचा विपरीत अनुभव

1956 सालच्या ‘अपराजितो’ची कथा ‘पथेर पांचाली’ कादंबरीचा उर्वरित भाग आणि ‘अपराजित’ ही तिची पुढील कादंबरी यांवर आधारलेली आहे. या चित्रपटाबाबतही वाचकांना रुखरुख लागण्यासारखे वगळलेले भाग आहेत. अपूची बालमैत्रीण लीला हे कादंबरीतील महत्त्वाचे पात्र चित्रपटात नाही. त्या भूमिकेसाठी योग्य अभिनेत्री मिळू न शकल्याने राय यांना ते सोडावे लागले.

परंतु या चित्रपटाला कोलकात्यात मिळालेल्या थंड प्रतिसादाचे कारण केवळ वगळण्यात शोधता येत नाही. त्याचा संबंध मुख्यतः आई व मुलाच्या नात्याच्या चित्रणाशी होता. कादंबरीत आईच्या निधनाची वार्ता कळताच अपूला पहिल्या क्षणी एक प्रकारची सुटका झाल्यासारखे वाटते. त्याचे आईवर प्रेम नाही, असे नव्हे. एक बंधन तुटल्याची ती नकळत उमटलेली जाणीव आहे, आणि तिच्या पाठोपाठ दुःख येतेच. याच मनोवैज्ञानिक सत्याने आपल्याला या कथेकडे ओढले, असे राय यांनी सांगितले आहे. त्यांनी हे सत्य एका क्षणात न दाखवता लहानसहान कृतींत विखरून ठेवले : कोलकात्याहून सुटीत आलेला अपू आई बोलत असताना झोपी जातो, तिच्या एकटेपणाची त्याला दखल नसते, आणि एकदा स्टेशनवर जाऊनही गाडी चुकल्याची थाप मारून तो एक दिवस तिच्यापाशी राहायला परततो. आईच्या मृत्यूनंतर गावात पौरोहित्य करीत राहण्याचा पर्याय नाकारून तो पुन्हा शहराची वाट धरतो.

म्हणजे चित्रपट ज्या जागी पुस्तकाशी सर्वाधिक प्रामाणिक राहिला, तीच जागा प्रेक्षकांना खुपली. ज्या समाजाने हे वाक्य कादंबरीत वाचून पचवले होते, त्यालाच ते पडद्यावर पाहणे जड गेले. याची कारणमीमांसा करता येते. वाचक एकटा असतो; अवघड वाक्यावरून तो डोळे पुढे नेऊ शकतो, आणि पुढच्या वाचनात ते विसरूही शकतो. चित्रपटगृहात तो चारचौघांत बसलेला असतो आणि दृश्य त्याच्यासाठी थांबत नाही. त्यामुळे वाचकाने मनात जपलेली ‘मूळ’ कादंबरी ही छापील कादंबरीशी तंतोतंत जुळतेच असे नाही. प्रेमाने केलेल्या वारंवार वाचनात त्याने तिचेही एक माध्यमांतर केलेले असते. मातृप्रेमाच्या रूढ कल्पनेशी न जुळणारा भाग त्या आवृत्तीतून गळून गेलेला असतो. 1957 साली व्हेनिसच्या महोत्सवात या चित्रपटाला सर्वोच्च पुरस्कार मिळाला. तो देणाऱ्यांच्या मनात अशी कोणतीही आधीची आवृत्ती नव्हती.

‘नष्टनीड’ ते ‘चारुलता’ : हरकत आणि उत्तर

वाचकाची हरकत आणि दिग्दर्शकाचे उत्तर हे दोन्ही छापील स्वरूपात सापडते ते ‘चारुलता’ (1964) या चित्रपटाच्या बाबतीत. रवींद्रनाथ ठाकूर यांची ‘नष्टनीड’ ही दीर्घकथा 1901 साली प्रसिद्ध झाली. वृत्तपत्राच्या व्यापात गढलेला भूपती, त्याची एकाकी पत्नी चारू आणि साहित्याची आवड असलेला तरुण आतेभाऊ अमल, अशी ही तिघांची कथा. अर्थशास्त्रज्ञ व लेखक अशोक रुद्र यांनी चित्रपटातील बदलांवर टीका केली आणि राय यांनी ‘परिचय’ या बंगाली नियतकालिकात तिला सविस्तर व काहीशा बोचऱ्या शब्दांत उत्तर दिले. कथेतील प्रसंग आणि पटकथेतील प्रसंग शेजारी शेजारी ठेवून बदलांमागील कारणे त्यांनी उलगडून दाखवली. भारतीय भाषांतील माध्यमांतरविषयक चर्चेत या उत्तराचे स्थान फार वरचे आहे.

यांतील दोन बदलांचा येथे विचार करू. कथेत अमल विवाह करून विलायतेला जातो. त्याचे पत्र येत नाही, तेव्हा चारू पतीला नकळत दागिने देऊन पैसे उभे करते आणि तार पाठवते. उत्तरादाखल आलेली तार भूपतीच्या हाती पडते आणि त्याला सारे उमगते. चित्रपटात हा तारेचा प्रसंग नाही. अमल रातोरात चिठ्ठी ठेवून निघून जातो. पुढे त्याचे पत्र आल्यावर चारूला आवरत नाही आणि तिचा आक्रोश भूपतीच्या नकळत दृष्टीस पडतो. पटकथेच्या दृष्टीने हा बदल नेटका आहे. कथेतील दीर्घ कालावधी त्यामुळे आवळला जातो आणि एका दृश्यात भूपतीचे जग कोसळते. तथापि कथेच्या चाहत्याला येथे काही गमावल्यासारखे वाटते. तार पाठवणारी चारू योजना आखते, धोका पत्करते, खोटेही वागते. चित्रपटातील चारू त्या क्षणी केवळ उन्मळून पडते. एका स्त्रीची कृती तिच्या भावनावेगात विरघळून गेली आहे.

दुसरा बदल शेवटाचा. कथेत भूपती संपादकपदासाठी म्हैसूरला निघतो. मलाही न्या, अशी चारूची विनंती असते. तो क्षणभर कचरतो, मग तयार होतो. पण तो क्षण तिने पाहिलेला असतो आणि ती आता नकार देते. चित्रपटात भूपती घरी परततो, चारू हात पुढे करते, त्याचाही हात पुढे येतो आणि दोन्ही हात एकमेकांना भिडण्याआधी चित्र गोठते. त्यानंतर पडद्यावर मूळ कथेचे शीर्षक उमटते. कथेत अंतिम शब्द चारूचा आहे, चित्रपटात तो कोणाचाच नाही. या फरकावर वाचकाने हरकत घेतली, तर ती भाबडी कशी म्हणावी? निर्णयाचा अधिकार कोणाकडे राहतो, हा या कथेचा मध्यवर्ती प्रश्न आहे.

मात्र याच चित्रपटात इतिहासाच्या अभ्यासकाला मिळणारा लाभ कथेत नाही, हेही नोंदवले पाहिजे. कथेचा काळ रवींद्रनाथांनी निश्चित केलेला नाही. राय यांनी तो 1879–80 असा ठरवला आणि 1880 साली ब्रिटनमध्ये ग्लॅडस्टन यांच्या उदारमतवादी पक्षाला मिळालेला विजय कोलकात्यातील भूपतीच्या दिवाणखान्यात गाणेबजावणे करून साजरा होताना दाखवला. सातासमुद्रापारच्या निवडणुकीने हरखून जाणारा हा सद्‌गृहस्थ शेजारच्या खोलीतील पत्नीचे एकाकीपण पाहू शकत नाही. एकोणिसाव्या शतकातील सुशिक्षित बंगाली उदारमतवादाचे मोठेपण आणि त्याचा आंधळेपणा एका प्रसंगात उभा राहतो. ही भर मूळ कथेच्या आशयाशी इतकी एकजीव आहे, की पुस्तकात ती नव्हती हे कित्येकदा चाहत्याच्याही ध्यानात राहत नाही.

‘शतरंज के खिलाडी’ : दोन काळ, दोन शेवट

चित्रपटमाध्यमाविषयी साशंक असलेल्या साहित्यिकांत प्रेमचंदांची गणना करावी लागेल. 1934 साली ते मुंबईत अजंठा सिनेटोनसाठी कथालेखन करण्यास आले आणि त्या जगाला कंटाळून 1935 साली परतले. त्यांच्या 1924 सालच्या ‘शतरंज के खिलाडी’ या कथेवर राय यांनी 1977 साली चित्रपट केला. 1856 साली ईस्ट इंडिया कंपनीने अवध खालसा केले, त्या काळातील लखनौचे दोन सरदार बुद्धिबळात दंग आहेत. नवाब कैद होतो, त्यांना त्याचे सोयरसुतक नाही. पण पटावरील वजिरासाठी ते तलवारी उपसतात आणि दोघेही मरतात. हा झाला कथेचा शेवट. चित्रपटात पिस्तुलाची गोळी एकाला चाटून जाते, दोघेही जगतात, आणि मग वजिराच्या जागी राणी आणणाऱ्या इंग्रजी पद्धतीने नवा डाव मांडतात.

याशिवाय नवाब वाजिद अली शाह आणि जनरल आउट्रम यांचे कथेत नसलेले स्वतंत्र कथासूत्र राय यांनी विस्ताराने रचले. नवाबाच्या चित्रणावर 1978 साली ‘इलस्ट्रेटेड वीकली’त राजबन्स खन्ना यांनी टीका केली आणि राय यांनी तिलाही लेखी उत्तर दिले. येथे वादाचा विषय कथेशी निष्ठा एवढाच उरला नाही, तो इतिहासाशी निष्ठा असा झाला.

दोन शेवटांतील अंतर हे दोन काळांतील अंतर आहे. असहकार चळवळीनंतरच्या वर्षांत लिहिणाऱ्या प्रेमचंदांच्या कथेत त्या निष्क्रिय वर्गाला मृत्युदंड मिळतो. वाचकाला त्यात नैतिक समाधान लाभते. स्वातंत्र्याला तीस वर्षे झाल्यानंतरचा दिग्दर्शक मात्र पाहतो, की तो वर्ग मेलाच नाही. नियम बदलले, तसे त्याने खेळणेही बदलले. कथेच्या चाहत्याला तलवारींचा शेवट हवासा वाटतो, कारण त्यात न्याय आहे. इतिहासाच्या विद्यार्थ्याला दुसरा शेवट अस्वस्थ करतो, कारण त्यात तथ्य आहे. कोणता श्रेष्ठ, हा प्रश्न येथे गैरलागू आहे. पण दोहोंतील फरक दिसतो तो मूळ कथा मनात घट्ट धरून बसलेल्या वाचकालाच. ज्याने कथा वाचलेलीच नाही, त्याला चित्रपटातील नवा डाव हा बदल आहे हेच ठाऊक नसते, आणि म्हणून त्या बदलाचा अर्थही त्याच्यापर्यंत पूर्णांशाने पोहोचत नाही.

समारोप

वरील विवेचनातून तीन गोष्टी हाती लागतात. पहिली अशी, की वाचक ज्या मूळ कृतीचे रक्षण करतो, ती बऱ्याचदा त्याच्या स्मरणाने घडवलेली असते. ‘अपराजितो’च्या बाबतीत छापील मजकुराशी निष्ठाच अप्रिय ठरली. दुसरी अशी, की ही रक्षणवृत्ती नेहमी कलेला मारक नसते. ‘पथेर पांचाली’चा शेवट तिने वाचवला. तिसरी गोष्ट अशी, की हरकतींची प्रत सारखी नसते. नायिकेच्या साडीचा रंग किंवा घराची ठेवण वेगळी दिसली म्हणून घेतलेली हरकत आणि चारूचा नकार नाहीसा झाला म्हणून घेतलेली हरकत यांत भेद केला पाहिजे. पहिलीत कल्पनाचित्र मोडल्याची हळहळ असते. दुसरीत अर्थाविषयीचा वाद असतो, आणि राय यांच्यासारख्या दिग्दर्शकालाही त्याचे उत्तर द्यावेसे वाटले.

अध्यापनाच्या दृष्टीने याचे महत्त्व आहे. साने गुरुजींचे ‘श्यामची आई’ हे 1935 सालचे पुस्तक आणि आचार्य अत्रे यांचा 1953 सालचा त्यावरील चित्रपट यांची तुलना आपल्या वर्गांतही होते, आणि विद्यार्थी बहुधा ‘पुस्तकच चांगले’ असे सांगून मोकळे होतात. या उत्तरावर माध्यमभेदाचा सिद्धांत सांगून पडदा टाकण्याऐवजी ‘नेमके काय हरवले?’ असे विचारता येईल. उत्तर देण्यासाठी विद्यार्थ्याला पुस्तक पुन्हा उघडावे लागेल. त्याच्या मनातील पुस्तक आणि हातातील पुस्तक यांत अंतर आहे, हे कदाचित तेव्हा त्याला प्रथमच जाणवेल. चित्रपटाने पुस्तकाची केलेली ही सेवा लहान नाही. आणि ती करून घेण्यासाठी पुस्तकावर प्रेम असणारा, हरकत घेणारा वाचक शिल्लक असावा लागतो.